मामला, १९९४ : उंदीर पडल्याची खबर

दरवर्षी पोळ्याच्या आधी आमच्या तालुक्यातल्या आशाताईंचं एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. प्राण्यांपासून माणसाला लागणारे आजार हा त्यातला विषय माझ्याकडे असतो, कारण मी पशुवैद्यक आहे. पिसाळलेल्या कुत्र्याबद्दल त्यांना सगळं ठाऊक असतं. गाई-म्हशी गाभडल्या की जार उघड्या हातानं ओढू नये, हेही बऱ्याच जणींना माहीत असतं. रानातल्या जनावरांच्या आजाराकडे वळलं की मात्र खोली गप्प होते. रानातलं जनावर आजारी पडलं तर ते रानातच मरतं, आपला त्याच्याशी काय संबंध, असा तो गप्पपणा असतो. म्हणून मी बाकीचं बाजूला ठेवून प्लेगचं एकच प्रकरण सांगते. ते दूरचं नाही. बीड जिल्ह्यातल्या मामला नावाच्या छोट्याशा गावाचं आहे, आणि खोलीत बसलेल्या निम्म्या बायका तेव्हा जन्मल्याही नव्हत्या.

हे लेखन त्याच प्रकरणाचं आहे. दिवसभराच्या प्रशिक्षणात सांगायचं राहून जातं तेही इथं लिहिते आहे.

काय घडलं

१९९४ चा ऑगस्ट. पाऊसपाणी चांगलं होतं, खरीप डोलत होता. त्या महिन्याच्या सुरुवातीलाच मामल्याच्या लोकांनी तक्रार केली की घरात पिसवा फार झाल्या आहेत, रात्री झोपू देत नाहीत. त्याच सुमारास घरांत उंदीर मरून पडायला लागले. पोळा झाला, गणपती बसले, आणि सप्टेंबरच्या मध्याला गावात तापाचे रुग्ण दिसू लागले. नुसता ताप नव्हता. कुणाच्या जांघेत, कुणाच्या काखेत, कुणाच्या मानेला गाठ आली होती. हात लावू देणार नाही इतकी ती दुखत होती.

हा गाठीचा प्लेग. जिवाणूचं नाव येर्सिनिया पेस्टिस. देशात प्रयोगशाळेत खात्री झालेला याआधीचा रुग्ण १९६६ साली कर्नाटकात सापडला होता. मधल्या २८ वर्षांत डॉक्टरांची एक अख्खी पिढी असा रुग्ण न बघता नोकरीला लागली आणि मोठ्या पदांवर पोहोचली.

त्यानंतर सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि देश हादरला. लाखो लोक शहर सोडून पळाले, औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या संपल्या, आखाती देशांनी विमानं बंद केली. त्या गदारोळात मामला मागे पडलं. त्या साली जागतिक आरोग्य संघटनेकडे भारतातले ८७६ संभाव्य रुग्ण आणि ५४ मृत्यू नोंदले गेले. यातले ५९६ रुग्ण महाराष्ट्रातले, म्हणजे सर्वांत जास्त, पण मृत्यू जवळपास सगळे सुरतेकडचे. म्हणून आठवण सुरतेची राहिली. गाठीचा प्लेग वेळेवर औषध मिळालं तर बरा होतो, आणि बरं झालेल्या माणसांची बातमी होत नाही.

मला मात्र मामलाच मोलाचं वाटतं. सुरतेत रोग माणसाकडून माणसाकडे गेला. मामल्यात तो रानातून बिळात, बिळातून घरात आणि घरातून माणसात कसा येतो, ते पायरी-पायरीनं दिसतं. आणि पहिल्या पायरीवर गावकऱ्यांनी स्वतःच हाक दिली होती.

रान, बीळ, घर

आपल्याकडे उंदीर म्हणजे सरसकट एकच प्राणी समजला जातो. तसं नाही. माळवदाच्या भिंतीत राहणारा काळा घरउंदीर वेगळा, उकिरड्याकडेनं आणि धान्याच्या कोठाराखालून पोखरत जाणारी घूस वेगळी, आणि शेताच्या बांधावर, माळरानावर राहणारा रानउंदीर वेगळा. या शेवटच्याचं शास्त्रीय नाव टटेरा इंडिका. मोठे काळेभोर डोळे, पांढरं पोट, अंगापेक्षा लांब शेपूट आणि शेपटीच्या टोकाला केसांचा झुबका. रात्री गाडीच्या उजेडात आडवा आला तर टणाटण उड्या मारत जातो. नांगरताना याचं बीळ फुटलं नाही असा शेतकरी मराठवाड्यात सापडायचा नाही.

प्लेगचा मूळ मुक्काम या रानउंदरांत असतो. इराणच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले बाल्ताझार आणि बहमनयार हे शास्त्रज्ञ भारतातल्या प्लेगचा माग काढत शेतांपर्यंत गेले, आणि १९६० साली त्यांनी हेच मांडलं. रानउंदीर या जिवाणूला बराच तग धरतो. काही मरतात, पुष्कळ जगतात, आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवा एका बिळातून दुसऱ्या बिळात जिवाणू फिरवत राहतात. माणसाला पत्ताही नसतो. वर्षानुवर्षं हा रोग रानात असा निवांत पडून राहू शकतो. 'प्लेग संपला' असं आपण म्हणत होतो, तेव्हा फक्त माणसातला प्लेग दिसेनासा झाला होता.

घरउंदराचं तसं नाही. त्याला हा जिवाणू झेपत नाही, तो पटापट मरतो. रानउंदीर आणि घरउंदीर एका ठिकाणी चरायला आले, की बांधावरची पिसू घरउंदराच्या अंगावर चढते आणि मग घरात उंदीर पडायला लागतात. मेलेल्या उंदराचं अंग थंड पडलं की पिसू ते सोडते. तिला गरम रक्त हवं असतं, आणि सगळ्यात जवळचं गरम अंग म्हणजे खाली वाकळेवर झोपलेलं माणूस.

पिसवेच्या पोटात काय होतं ते आशाताईंना सांगितलं की त्या अंगावर शहारा आल्यासारखं करतात. जिवाणू तिच्या अन्नमार्गाच्या तोंडाशीच चिकट थर करून बसतो आणि वाट तुंबते. ती रक्त ओढते, पण ते पोटात उतरत नाही. भुकेनं वेडीपिशी होऊन ती पुन्हा पुन्हा चावते, आणि दर चाव्याला ओढलेलं रक्त जिवाणूसकट परत माणसाच्या अंगात ओकते. हे तुंबणं थंड-दमट हवेत नीट जमतं. आपल्या एप्रिल-मेच्या रखरखाटात पिसवाही टिकत नाहीत. श्रावण-भाद्रपदात त्यांना पोषक हवा मिळते. मामल्याच्या तारखा बघितल्या तर हेच महिने निघतात.

आता भूकंपाची गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे चारच्या सुमाराला, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात हजारो माणसं दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. त्यानंतर मराठवाडाभर लोक भीतीनं घराबाहेर, रानात, पत्र्याच्या शेडमध्ये झोपायला लागले. घरांत धान्य तसंच पडून राहिलं. कणग्या, पोती, बळदं, सगळं उंदरांना मोकळं. घरउंदीर बेसुमार वाढले आणि रानउंदरांशी त्यांची गाठ पडली, असं स्पष्टीकरण तेव्हापासून दिलं जातं. ते मला पटतं, पण अर्धंच. किल्लारी लातूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे आणि मामला बीड जिल्ह्यात, दोन्हींत मोठं अंतर आहे. भूकंपानं रोग आणला नाही. रोग रानात होताच. भूकंपानं आणि सुगीनं मिळून त्याला घरापर्यंतची वाट करून दिली असेल. पण २८ वर्षं रुग्ण नाही म्हणून रानातल्या उंदरांवरची देखरेख ढिली पडली, हे कारण माझ्या मते मोठं आहे. भूकंप आपल्या हातात नसतो. देखरेख असते.

आजीची पाहणी

त्या वर्षी मी नववीत होते. आमचं गाव अंबाजोगाईजवळचं. गावात एकही रुग्ण सापडला नाही, तरी शाळेत सगळ्यांनी नाकाला रुमाल बांधले होते. माझी आजी मात्र रुमालाकडे बघायची नाही. रोज पहाटे ती बॅटरी घेऊन कणगीच्या मागे, बळदाच्या तोंडाशी, उतरंडीच्या खाली उजेड टाकून बघायची. मग दारात येऊन शेजारणीला विचारायची, "काय वं, तुमच्यात उंदीर पडलेत का?" ती आजूबाजूच्या पाच-सहा घरी असंच विचारून यायची. मी म्हटलं, आजी, रोग हवेतनं येतो म्हणतात. ती म्हणाली, "हवंतनं यवू नायतर कशातनं. आधी उंदीर पडतो, मग माणूस पडतंय. उंदीर पडाय लागले का घर सोडायचं अन् रानात खोपी घालून ऱ्हायाचं. माझी सासू निजामाच्या राज्यात दोन महिने रानात ऱ्हायली व्हती."

आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण मी पुढं पशुवैद्यकीचं शिक्षण घेतलं तेव्हा कळलं, की ती रोज सकाळी करायची तीच प्लेगची देखरेख. घर सोडून रानात जाण्यामागेही खरं शास्त्र होतं. उंदीर मेल्यावर भुकेल्या पिसवा घरात अडकून पडतात. माणसं बाहेर पडली की त्या उपाशी राहतात. प्लेगमागचा पिसवेचा हात सिद्ध करायला पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरला १८९८ साली कराचीत पिंजऱ्यातल्या उंदरांवर प्रयोग करावे लागले, आणि त्याच्या आधी कित्येक वर्षं आपली खेडी उंदीर पडले की गाव सोडत होती.

अवधान की गाठ

मामल्याच्या प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग मला इथं वाटतो. आपल्या शेतकऱ्याच्या पायात चप्पल असतेच असं नाही. बाभळीचा काटा मोडला, कुदळ लागली, फोड चिघळला, की जांघेत गाठ येते. त्याला आपण अवधान म्हणतो, आणि अवधान आलं म्हणून कुणी दवाखान्यात जात नाही. मग जांघेतल्या गाठीवरून प्लेग ओळखायचा कसा?

आशाताईंना मी चार गोष्टी पाहायला सांगते. अवधानात पायाला कुठं तरी जखम असते. प्लेगच्या गाठीत ती बहुधा नसते. अवधानाचा ताप हळू चढतो; इथं एकदम थंडी वाजून जोराचा ताप येतो, डोकं फुटतं, माणूस काही तासांत लोळागोळा होतो. अवधानाच्या गाठीवरनं हात फिरवता येतो. इथं रुग्ण पाय लांबच करत नाही, कुणी जवळ आलं तरी ओरडतो. आणि चौथी गोष्ट म्हणजे विचारायची: घरात उंदीर पडले होते का, पिसवा वाढल्या होत्या का? चावल्यापासून ताप यायला साधारण २ ते ६ दिवस लागतात, म्हणून मागच्या आठवड्याबद्दल विचारायचं.

उपचार केला नाही तर गाठीच्या प्लेगनं १०० पैकी ३० ते ६० माणसं दगावतात. फुप्फुसात उतरला आणि वेळ गेली तर जवळपास कुणी वाचत नाही, आणि तेव्हा तो खोकल्यातून दुसऱ्याला लागतो. पण स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सीसायक्लिन यांना हा जिवाणू बळी पडतो. पेनिसिलिनला पडत नाही. हे मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते, कारण खेड्यात तापाला आणि गाठीला पेनिसिलिनचं इंजेक्शन देणारे अजून आहेत, आणि त्यात गेलेले दोन दिवस परत मिळत नाहीत.

आधी पिसवा, मग उंदीर

प्लेगची शंका आली की गावाची पहिली इच्छा उंदीर मारण्याची असते. मामल्याच्या प्रकरणावर बोलताना दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, मग औषध टाकून सगळे उंदीरच मारले तर?" प्रश्न बरोबर आहे, क्रम चुकीचा आहे. शंभर उंदीर एका रात्रीत मारले तर त्यांच्या अंगावरच्या सगळ्या पिसवा एका रात्रीत बेघर होतात, आणि त्या माणसाकडे येतात. म्हणून आधी घरात, बिळांच्या तोंडाशी, उंदरांच्या येण्याजाण्याच्या वाटांवर कीटकनाशक पावडर टाकायची. पिसवा मेल्याची खात्री झाली की मग उंदरांकडे वळायचं. मेलेला उंदीर शेपटीला धरून उकिरड्यावर फेकायचा नाही. त्याच्यावरही पावडर टाकायची, चिमट्यानं उचलून दोन पिशव्यांत बांधायचा आणि तपासायला नेणारं कुणी नसेल तर खोल पुरायचा. मांजराच्या तोंडी लागू द्यायचा नाही. मांजराला प्लेग होतो आणि मांजराकडून माणसाला झाल्याचीही उदाहरणं आहेत. कुत्रा सहसा आजारी पडत नाही, पण त्याच्या रक्तात प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार होतात. म्हणून गावातल्या चार कुत्र्यांचं रक्त तपासलं तर आजूबाजूच्या रानात रोग फिरतोय का ते कळतं. उकिरड्यावरच्या कुत्र्याचा असाही उपयोग आहे.

पिसवा मोजतात कशा, ते मी प्रत्यक्ष दाखवते. पिंजऱ्यात धरलेला उंदीर पांढऱ्या कापडी पिशवीत घ्यायचा, पिशवीत औषधाचा बोळा टाकून त्याला आणि पिसवांना बेशुद्ध करायचं. मग पांढऱ्या इनॅमलच्या ट्रेमध्ये त्याला आडवा ठेवून जुन्या टूथब्रशनं शेपटीकडून डोक्याकडे, केसांच्या उलट, हळूहळू विंचरायचं. ट्रेच्या पांढऱ्या तळावर तपकिरी ठिपके पडतात. ते टोकदार काडीनं उचलून बाटलीत घालायचे आणि मोजायचे. एकूण पिसवा भागिले एकूण उंदीर. झेनोप्सिला चिओपिस या जातीच्या पिसवा दर उंदरामागे सरासरी १ च्या वर गेल्या, तर धोक्याची घंटा. हे काम करणाऱ्याला आरोग्य खात्यात कीटक समाहारक म्हणतात. दिवसाला दहा-बारा उंदीर विंचरून त्या माणसाची पाठ धरते. मी त्याच्या शेजारी मांडी घालून बसले आहे, म्हणून सांगते.

शंका घेणारे आणि नमुने

'तो प्लेग नव्हताच' असं म्हणणारे आजही भेटतात, आणि त्यात चांगले डॉक्टर असतात. त्यांची शंका खोडसाळ नव्हती. नमुन्यांतून जिवाणू वाढवून दाखवणं तेव्हा फार थोड्या ठिकाणी जमलं. बऱ्याच रुग्णांचं निदान रक्तातल्या प्रतिपिंडांवर झालं. याचं एक साधं कारण होतं: नमुना घेण्याआधीच रुग्णाला टेट्रासायक्लिन दिलेलं असायचं. औषध द्यायलाच हवं होतं, त्यात चूक नाही. पण गाठीतला स्राव सुईनं काढायला दोन मिनिटं लागतात, आणि ती दोन मिनिटं औषधाच्या आधी हवीत.

केंद्र सरकारनं डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली आणि तिनं तो प्लेगच असल्याचं सांगितलं. पुढं २००० साली हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्या साथीतल्या रुग्णांपासून आणि उंदरांपासून मिळवलेल्या जिवाणूंची जनुकीय ओळख पटवली, तेव्हाही येर्सिनिया पेस्टिसच निघाला. माझ्या मते वाद तिथं मिटला. पण तो सहा वर्षं चालला, कारण पहिल्या आठवड्यातले नमुने हाती नव्हते.

या सगळ्यात मामल्याच्या आणि एकूणच बीडच्या माणसांनी जे सोसलं त्याची कुठं नोंद नाही. माझे मामा पुण्यात खोली घेऊन राहायचे. गावाकडून आले असं कळल्यावर घरमालकानं त्यांना आठ दिवस दारात उभं केलं नाही. ते आमच्या गावचे, जिथं एकही रुग्ण नव्हता. जिथं रुग्ण होते तिथल्या लोकांचं काय झालं असेल? दसरा-दिवाळीनंतर बीडची माणसं कोयते घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात. 'ताप आला' म्हटलं की उचल बुडते, गाडीत कुणी बसवून घेत नाही. अशा वेळी माणूस ताप लपवतो. लपवलेला ताप हाच फुप्फुसाच्या प्लेगचा रस्ता असतो.

शिकारीतून आलेला प्लेग

प्लेग म्हणजे फक्त उंदीर आणि पिसवा, असं मात्र नाही. २००२ च्या फेब्रुवारीत हिमाचलच्या सिमला जिल्ह्यात, हाटकोटी भागात, एका शिकाऱ्यानं रानमांजर मारून सोललं. त्याला फुप्फुसाचा प्लेग झाला आणि त्याच्यापासून नातलगांना. १६ रुग्ण, ४ मृत्यू. २००४ साली उत्तराखंडात उत्तरकाशी जिल्ह्यातल्या डांगुडमध्ये ८ रुग्ण, ३ मृत्यू.

हाटकोटीचं उदाहरण मी आवर्जून सांगते, कारण आपल्याकडेही ससा, तितर, रानडुक्कर चोरून मारलं जातं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे, हे एक. सोलताना हाताला चिरा असतात, जनावर सुस्त होतं म्हणूनच हाताला लागलं असतं, हे दुसरं. सुस्त रानजनावर म्हणजे आजारी रानजनावर. रानडुकरांच्या आणि उंदरांच्या मुतानं दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरा येतो, आणि उसाच्या फडात अनवाणी उभ्या असलेल्या बाईला तो पायाच्या भेगांतून लागू शकतो. मेलेल्या जनावराचं पोट फुगलं आणि नाका-तोंडातून काळं रक्त आलं तर तो फाशी (अँथ्रॅक्स) हा रोग असू शकतो, म्हणून ते फाडायचं नाही, माती-चुन्यात खोल पुरायचं. प्रशिक्षणात यापेक्षा जास्त वेळ मी यावर घालवत नाही. तो वेगळा दिवस आहे.

आमच्या तालुक्यातले दोन फोन

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याचा मला फोन आला. "डॉक्टरीण बाई, बांधाला उंदीर मरून पडलेत, दहा-बारा आहेत." मी जनावराच्या बाळंतपणात गुंतले होते. "कुणीतरी औषध टाकलं असेल," म्हटलं आणि फोन ठेवला. दोन दिवस ते मनातून गेलं नाही. तिसऱ्या दिवशी गेले. शेजारच्या शेतकऱ्यानं झिंक फॉस्फाईड मिसळून भरडा टाकला होता, पिशवीला लसणासारखा वास येत होता. माझा अंदाज बरोबर निघाला. पण मी न बघता सांगितलं होतं, आणि माझ्याकडचं ते उत्तर गावात पसरलं: डॉक्टरीण बाई म्हणतात, उंदीर मेले तर कळवायची गरज नाही. ते खोडून काढायला मला दोन वर्षं लागली.

तेव्हापासून मी काय विचारायचं ते ठरवलं आहे. औषध टाकलं होतं का, कुणी, कधी? विषानं मेलेले उंदीर एक-दोन रात्रींत, औषधाच्या आसपास सापडतात. रोगानं मरणारे रोज एक-दोन करत पंधरा दिवस पडत राहतात, घरात पडतात, आणि त्यांच्या बरोबर पिसवा वाढतात. मामल्यात ही दोन्ही लक्षणं ऑगस्टमध्येच दिसली होती.

गेल्या वर्षी भाद्रपदात एका आशाताईचा संध्याकाळी फोन आला. तिच्या वस्तीवर चार दिवसांत एका घरात तीन आणि शेजारच्या घरात दोन उंदीर पडले होते. औषध कुणी टाकलं नव्हतं. घर माळवदाचं, भिंतीला भोकं, ज्वारीची पोती भिंतीला लावून. मी विचारलं, "पिसवा?" ती म्हणाली, "म्हातारी म्हणते रात्री पायाला चावतंय काहीतरी." तापाचं कुणी नव्हतं, आणि गाठीचंही कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याच्या माणसाला घेऊन गेलो. आधी पावडर टाकली. संध्याकाळी पिंजरे लावले, आमिषाला शेंगदाणा आणि भाकरीचा तुकडा. दोन रात्रींत सात उंदीर मिळाले. त्याच अंगणात, पिंपळाच्या पारावर ट्रे ठेवून विंचरले. आशाताई जवळ बसून मोजत होती. सातांत मिळून तीन पिसवा. घरातल्या म्हातारीनं ट्रेत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "एवढंच? मला वाटलं शंभर असतील." नमुने पुढं पाठवले. वस्तीवरच्या दोन कुत्र्यांचं रक्तही पाठवलं. आशाताईनं भाकरी दाखवून कुत्री धरून ठेवली होती.

उत्तर यायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत ती रोज सकाळी त्या दोन्ही घरी जाऊन तापाचं विचारत होती आणि वहीत तारीख टाकत होती. उत्तर आलं, प्लेग नाही. मी त्याच संध्याकाळी तिला फोन लावला, आणि मग तिलाच सांगितलं की म्हातारीच्या हातात फोन दे. म्हातारीला म्हटलं, "आजी, तुमच्या घरातले उंदीर तपासले, काही नाही निघालं. पण पुन्हा पडले तर पुन्हा कळवा." ती म्हणाली, "कळवते की. परवाच एक पडलाय न्हाणीत. पिशवीत बांधून ठिवलाय, हात नाही लावला. कवा येता?"